शिंपल्यांची बाळंतखोली

घनश्यामनं केनी आणून मोहाच्या बुंध्याला टेकवली, तेव्हाच गोकुळानं पदर आणखी खाली ओढला. बोडीतलं पाणी अजून जागच्या जागी होतं, उपसायला कुणी हातही लावला नव्हता, आणि हे थोरले बुवा जमीन सपाट करायची केनी, वर रेड्यांची जोडी घेऊन हजर. लग्न लागायच्या आधीच मांडव सोडायला आलेला माणूस म्हणायचा हा, दुसरं काय.

आता घनश्याम काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याला धानाचं वेड होतं, एवढंच. ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, घरात जन्मून त्याला जाळ्यापेक्षा नांगर प्यारा. त्याच्या धानाच्या दोन बांध्यांच्या मधोमध ही बोडी, म्हणजे घरचं छोटंसं तळं, पसरलेली होती, आणि गेली तीन वर्षं तो झोपेतसुद्धा ती बुजवत होता. बोडी बुजली की दोन बांध्यांची एक लांबलचक बांधी होईल, घरातली सगळी लेकरं चैतापर्यंत घरचा भात खातील, असा त्याचा हिशेब. हिशेबात खोट काढायला जागा नव्हती. म्हणून तर गोकुळाला त्याची जास्त भीती वाटायची.

त्यातून तो तिचा भासरा. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी धाकट्या सुनेनं तोंड उघडून बोलायचं नाही, त्याच्यासमोर पदर खाली ओढूनच वावरायचं, ही घराची रीत. तिला घनश्यामला काही सांगायचं असलं की ती घागरीला सांगे, नाहीतर गोठ्यातल्या गाईला, आणि जरुरीचंच असलं तर थोरल्या जावेला, गिरजाला. गिरजा मग ते नवऱ्याला सांगे. सांगताना चार शब्द गाळे, दोन आपले घाली. नवरा बाबुलाल घरी असता तर गोकुळाला ही कसरत पडली नसती, पण तो आलापल्लीला सागवान तोडायच्या कामावर होता आणि पाऊस लागल्याशिवाय काही परत येत नव्हता.

राहता राहिला सासरा, इस्तारी. त्याच्याशी मात्र ती घडाघडा बोलायची. बुड्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्याला हाताला धरून नेणारं कुणीतरी हवं होतं, आणि हात धरायचा तर तोंड बंद ठेवून कसं चालेल. त्या मोतीबिंदूनं गोकुळाला सासरच्या घरात वाचा दिली, असं गिरजा कुजकटपणे म्हणायची. खोटं नव्हतं ते.

ही सगळी भानगड इस्तारीनंच उभी केली होती.

गावच्या तलावात एकेकाळी शिंपल्यांचा नुसता खच असे. पुरुषांनी जाळी टाकून मासे धरायचे आणि बायांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाच्या बोटांनी शिंपल्या चाचपायच्या, हे ढिवरटोल्याचं, म्हणजे ढिवरांच्या वस्तीचं, जुनं वाटप. आतलं मांस रश्श्याला, कवचं भट्टीला. त्या भट्टीचा चुना अहेरीच्या बाजारात पानाला जायचा, गावातल्या भिंतींना लागायचा. घासून भोक पाडलेल्या शिंपीनं कैऱ्या सोलायच्या, आणि तान्ह्या लेकराला पहिली गुटी शिंपीतूनच पाजायची. शिंपल्यांचा पैसा बायांचा. बांगड्या भरायच्या तर नवऱ्याचं तोंड पाहावं लागत नसे.

मग मालगुजाराची मालकी गेली आणि तलाव सरकारचा झाला. काल मध्यप्रदेश म्हणायचं, आज मुंबई राज्य म्हणायचं, तलाव बिचारा आपला होता तिथंच. पण या राखणदार बदलण्याच्या गडबडीत बाहेरगावचे चुनेवाले आले, गाड्याच्या गाड्या भरून शिंपल्या घेऊन गेले, आणि पाठोपाठ एक असा कोरडा उन्हाळा आला की तलावाच्या तळाला भेगा पडल्या. त्यानंतर टोल्यातल्या बाया पाण्यात पाय फिरवून फिरवून थकल्या. चिखल लागायचा, शिंपी लागायची नाही. मासळीही कमी झाली ती झालीच. बाया मुकाट्यानं तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाऊ लागल्या, आणि गोकुळाला पोरीच्या झग्यासाठीही भासऱ्यापुढे हात पसरायची पाळी आली. हात पसरायचा, तोही गाईमार्फत.

तेव्हा इस्तारीच्या डोक्यानं घेतलं की कोंबड्या पाळतात तशा शिंपल्या पाळायच्या. घरच्या बोडीत त्यांची पैदास करायची आणि पिलावळ तलावात नेऊन सोडायची. सारा गाव हसला. पण बुडा वैनगंगेकाठच्या बहिणीकडे गेला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून मोठाल्या शिंपल्या बैलगाडीनं घेऊन आला. बोडीच्या मधोमध त्यानं मातीची पाळ घातली. वरच्या मोठ्या भागात निवडक, भरदार शिंपल्या ठेवल्या आणि त्या भागाला नाव दिलं बाळंतखोली. टवका उडालेल्या, म्हाताऱ्या झालेल्या शिंपल्या खालच्या लहान भागात टाकल्या आणि तो भाग गोकुळाच्या हवाली केला.

आणि एक सक्त हुकूम सोडला. बोडीत मासा दिसता कामा नये. मासे शिंपल्यांची पिलं खाऊन टाकतील, त्याला पक्की खात्री होती. त्यानं आणि घनश्यामनं मिळून दोन्ही भाग असे निपटून काढले की बोटाएवढा मासा मागे राहिला नाही. दुसऱ्या कुणी हे काम केलं असतं तर चार-दोन मासे निसटलेही असते. पण हे पडले पिढीजात ढिवर.

घनश्यामनं तेव्हाच बापाला विचारलं होतं की हे खूळ कुठवर चालणार. इस्तारीनं गोंडटोल्यातल्या लालसूला समोर बसवून शब्द दिला. लालसू त्याचा जुना मित्र, कुणाच्याच नात्यातला नाही, म्हणून साक्षीला बरा. तीन पावसाळे जाऊ द्यायचे. वैशाखात बोडी उपसायची. शिंपल्यांची पिलं निघाली तर बोडी बोडीच राहील. नाही निघाली तर घनश्यामनं खुशाल केनी फिरवावी.

तो वैशाख आज उगवला होता, लालसू पळसाच्या पानाची चोंगी ओढत मोहाखाली येऊन बसला होता, आणि गोकुळा बोडीच्या खालच्या भागाकडे बघायचं टाळत होती. कारण तिच्या हातून जे झालं होतं ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

मागच्या उन्हाळ्यात तलाव आटत आला तेव्हा ती पाण्यासाठी तळातल्या झिऱ्यावर गेली होती. वाटेत एका थाळीएवढ्या डबक्यात रोहूची आणि टेंगऱ्यांची बारकी पोरं तडफडत होती, आणि बगळे रांग लावून बसले होते. कालवणाला घ्यावीत तर एकेकात काटाही धड भरलेला नव्हता. सोडून जावं तर ढिवराच्या बाईला ते जमायचं कसं. तिनं ती ओंजळीनं घागरीत भरली. घरची वाट बोडीवरूनच जात होती. चार दिवस इथं राहतील, जरा अंग धरतील, मग काढू, असं म्हणून तिनं घागर खालच्या भागात उपडी केली. दुसऱ्या दिवशी आणखी एक घागर. पाऊस पडला, कमळाची पानं वाढली, मासे खाली दडले, आणि तिचं काढायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

संध्याकाळी सासऱ्याला बोडीवर फिरवायला आणलं की पाण्यात काहीतरी वाजायचं. इस्तारी कान टवकारायचा. गोकुळा म्हणायची, बेडूक आहे. बुडा म्हणायचा, लई वजनदार बेडूक दिसते, आणि लालसूलाही ते सांगायचा.

दिवस जरा वर आला तशी वरच्या भागाची पाळ फोडली. पाणी घनश्यामच्या कोरड्या बांधीत धावत गेलं. उरलेलं, दोन दोरांनी झुलवायच्या टोपल्यानं घनश्याम आणि गिरजानं उपसलं. मधल्या खोलगट जागी गुडघाभर पाणी राहू द्यायला इस्तारीनं सांगितलं आणि मग धोतर खोचून तो स्वतः उतरला. त्याला डोळ्यांचं काम नव्हतंच. तो पायानं पाहत होता. अंगठा चिखलात रुतवायचा, शिंपी लागली की वाकून काढायची, बोटांनी चहूबाजूंनी फिरवून परत ठेवायची.

गोकुळा काठावर उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. पहिली शिंपी काढली तेव्हा तो हसला. नंतर हसणं कमी होत गेलं. गिरजानं कडेचा चिखल टोपलीत घेऊन पाण्यात घोळून घोळून पाहिला. पोरांनीही हात घातले. अर्धी सकाळ त्यात गेली.

शेवटी बुडा चिखलातच उभा राहिला आणि म्हणाला, "माय-शिंपल्या तं साऱ्या जित्या हायेत. चांगल्या पोसल्या. लेकरू एकबी नाई."

घनश्यामनं तोंडातून शब्द काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. पण त्याचा हात केनीच्या दोराकडे गेला तो गोकुळाला पदराआडूनही दिसला.

आता खालचा भाग राहिला होता, आणि गोकुळाला अचानक सगळ्यांच्या भुकेची फार काळजी वाटू लागली. उन्हं चढली, आधी भाकर खाऊन घ्या, असं ती गिरजाला म्हणाली. मामाजी थकले, उद्या पाहू, असंही म्हणाली. पोरांना तहान लागली असेल, हे तिसरं. गिरजानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. दोघींचं गेल्या दिवाळीपासून फारसं पटत नव्हतं, चूल एक असली तरी.

"काऊन वं," ती म्हणाली, "आज लई माया सुटली?"

पाळ फुटली. पाणी निघून जाऊ लागलं, कमळाची पानं चिखलावर लोळली, आणि खळगा उरला तसा आत धबाधबा आवाज सुरू झाला. इस्तारीनं मान वर केली. गोकुळाच्या ओठांवर बेडूक हा शब्द आला होता, पण तेवढ्यात हातभर लांबीचा एक रोहू पाण्यातून उसळला, काठावर येऊन पडला आणि शेपटीनं त्यानं लालसूच्या चोंगीवर चिखल उडवला. चोंगी विझली. लालसूनं ती पाहिली, माशाकडे पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं.

"इस्तारीभाऊ," तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या बेडकाले खवले हायेत."

पोरं खिदळली. इस्तारी नाही हसला. पाण्याचा आवाज ऐकूनच किती मासे असतील ते त्याला समजलं होतं. त्यानं विचारलं, कोणं टाकले. गोकुळानं पदर सावरला आणि म्हणाली, "म्या, मामाजी. तलावात मरून राह्यले होते."

"मरून राह्यले होते म्हणून इथी आणले," बुडा म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तीन पावसाळे म्या पाण्यावर राखण केली. अन् तू माह्या लेकरांले खाणारे घरातच पोसले."

तो पाळीवर जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला. गोकुळाला रडू आलं, ते तिनं पदरात जिरवलं. तिलाही तसंच वाटत होतं. वरच्या भागात काही नाही निघालं ते नशीब, पण खालच्या भागातलं आपणच खाऊ घातलं. टोल्यातल्या बाया आता जन्मभर तेंदूपत्ता तोडणार, आणि त्याला कारण आपली दोन घागरी दया.

घनश्याम रेड्यांपाशी गेला. गोकुळानं गिरजाचा हात धरला आणि म्हणाली, बाई, त्यायले सांगा, हा चिखल तरी चाळू द्या, एकदा पाहू तर द्या. गिरजानं नवऱ्याला काही सांगितलं नाही. तिनं लुगडं वर खोचलं आणि स्वतःच खळग्यात उतरली. मासे टोपल्यात टाकले, आणि मग चिखलात हात घालून बोटांमधून गाळ सोडू लागली.

गोकुळा तिच्या समोरच वाकली होती. म्हणून तिला दिसलं. गिरजाची बोटं चालता चालता थांबली. काहीतरी बोटांत आलं, अंगठ्यानं तिनं ते पुसलं, आणि मूठ मिटली.

गिरजानं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मग त्या दोन बांध्यांकडे पाहिलं. नवऱ्यानं तिला त्या लांबलचक बांधीचं कितीदा सांगितलं होतं, ते एका चुलीपाशी बसणाऱ्या गोकुळाला ठाऊक नव्हतं थोडंच. उन्हाळ्याच्या तोंडी भावाच्या दारी तांदूळ मागायला जायचं गिरजाचं संपणार होतं. मूठ उघडली नाही तर संपणार होतं. कुणाला कळणारही नव्हतं, चिखलात हात घालून मूठ सोडून दिली की झालं. गोकुळा कोणत्या तोंडानं बोलणार होती.

मग गिरजाचा चेहरा वाकडा झाला. "मेलीनं चिमटा घेतला," ती पुटपुटली आणि हसली. तसंच चिखलाच्या पायांनी चढून ती सासऱ्यापाशी गेली, त्याचा पंजा ओढून घेतला आणि मुठीतलं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"चिंचोका काऊन देते वं मले," इस्तारी वैतागून म्हणाला.

"चिंचोका चावत नाई, मामाजी. नीट पाहा."

बुड्यानं दुसऱ्या हाताची बोटं फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. चिंचोक्याएवढीच होती, आणि कवच इतकं पातळ की जोरानं दाबायची भीती वाटावी.

"जिती हाय," तो म्हणाला. "लेकरू होय हे. माह्या बोडीतलं होय."

मग काय विचारता. पोरं, बाया, साक्षीदार लालसूसुद्धा, सगळेच चिखलात. जिथं हात घालावा तिथं बारकी शिंपली. तांदळाएवढी, वालाएवढी, चिंचोक्याएवढी. गिरजा आणि गोकुळा एकमेकींना ओरडून दाखवत होत्या, दिवाळीपासूनचं न पटणं कुठं गेलं कोण जाणे. पाण्याचं घमेलं भरून ठेवलं आणि इस्तारी त्यात हात बुडवून बसला तो उठेच ना. लालसूनं नवी चोंगी वळली.

घनश्यामनंही दोन-चार हातात घेऊन पाहिल्या. त्याचं नवल खरं होतं, ते त्यानं लपवलं नाही. पण डोक्यातला हिशेब हलला नव्हता. तो बापासमोर येऊन उकिडवा बसला.

"बाबा, शब्द तुमचाच हाय," तो म्हणाला. "खालच्या खोलीत लेकरं निघाले, थे तुमची. वरच्या खोलीत नाई निघाले. थे मले द्या."

इस्तारीनं लालसूच्या दिशेनं तोंड वळवलं. लालसूला मित्राची कीव येत होती, पण साक्ष ती साक्ष. बोलणं तसंच झालं होतं, असं तो म्हणाला.

हे बरोबर होतं आणि म्हणूनच वाईट होतं. खालचा भाग टीचभर, वैशाख सरताना आधी तोच आटायला लागायचा. पाणी धरायचं ते वरच्या भागानं, सगळ्या धडधाकट माय-शिंपल्या तिथं. तो गेला तर एवढ्याशा डबक्यातून तलाव कधी भरायचा. गोकुळाला हे सगळं दिसत होतं, आणि सांगायचं होतं ते नेमकं भासऱ्याला. तिनं रेड्याकडे तोंड करून सांगायचा प्रयत्न केला. रेडा रवंथ करत राहिला.

वरच्या भागात काही का निघालं नाही, याचाही उलगडा कुणाला होईना. इस्तारी म्हणाला, खालची माती बरी असेल. लालसू म्हणाला, म्हाताऱ्या शिंपल्यांना अक्कल जास्त. अशा चर्चेत गिरजानं मात्र मोहाखाली विळा काढला होता, कारण चर्चा काहीही होवो, मासे शिजवायचे होतेच. दोन रोहू आणि काही टेंगरे ती साफ करायला बसली. बाकीचे गोकुळानं घागरीतल्या पाण्यात ठेवले होते.

"गोकुळे, इकडं ये वं," गिरजानं हाक मारली. "हे पाहा."

तिनं रोहूचा कल्ला उघडून धरला होता. लाल झालरीवर बारीक पांढरे दाणे होते, राईहूनही बारीक. दुसऱ्या माशाच्या कल्ल्यातही तेच. टेंगऱ्याच्या परांवरही.

असे दाणे दोघींनीही पाहिलेले होते. तलावाच्या माशांवर असायचे, पूर्वी. माशाला देवी आल्या म्हणायच्या आणि कल्ले मांजराला टाकून द्यायच्या. मग ते दाणे दिसेनासे झाले, तलावातली मासळी निरोगी झाली म्हणून तेव्हा हयात असलेल्या सासूबाईंनी नारळ फोडल्याचंही गिरजाला आठवत होतं.

"कधी बंद झाले दाणे?" गोकुळानं विचारलं.

गिरजानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. दोघी एकमेकींकडे पाहू लागल्या. शिंपल्या संपल्या तेव्हा.

गिरजानं नखानं एक दाणा खरवडून दगडावर चिरडला. वाळूसारखा आवाज आला. ती उठली आणि बोटाच्या टोकावर असे पाच-सहा दाणे घेऊन सासऱ्यासमोर उभी राहिली. दिसायचं तर त्याला नव्हतं, आणि बोटांना कळावं एवढं ते मोठं नव्हतं. इस्तारीनं सरळ तिचं बोट जिभेला लावून घेतलं आणि पुढच्या उरलेल्या दातांनी चावून पाहिलं. रश्श्यातली न धुतलेली शिंपली दाताखाली किरकिरते, तो किरकिराट अख्खा जन्म त्यानं ओळखला होता.

"शिंपी होय," तो म्हणाला. "माशाच्या अंगावर?"

इस्तारीच्या खोलीत मासा नव्हता आणि लेकरू नव्हतं. गोकुळाच्या खोलीत मासे होते आणि लेकरांनी चिखल भरला होता. शिंपल्या आपली लेकरं माशांच्या अंगाखांद्यावर देत होत्या आणि तिथं मोठी करून घेत होत्या. आणि इस्तारीनं, वाकबगार ढिवरानं, तीन पावसाळे एक मासा आत येऊ दिला नव्हता.

गोकुळाला हसू आवरेना. सकाळपासून दाबलेलं रडू होतं, तेच बहुतेक हसू होऊन बाहेर पडत होतं. "मामाजी," ती म्हणाली, "तुमी एवढी मोठी बाळंतखोली बांधली, अन् सुईणीलेच हाकलून देल्लं."

सगळे बुड्याकडे पाहू लागले. तो आधी नुसता हलला. मग त्याच्या पोटातून असं हसू आलं की घमेल्यातलं पाणी सांडलं. हसता हसता त्याच्या धुरकट डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो तळहातानं ते पुसत, सुईण, सुईण असं म्हणत राहिला.

घनश्याम तेवढा हसला नव्हता. सुईण असो की आणखी कुणी, वरचा भाग रिकामा निघाला आणि शब्द तो शब्द, असं तो हळूच म्हणाला. त्याचंही खरंच होतं.

मग गिरजा वळली. हात माशाच्या रक्तानं भरलेले, विळा अजून हातात.

"अजी, आपल्याले लग्न झाल्यावर किती वर्सं लेकरू नव्हतं," ती म्हणाली. "टोल्यात सारे म्हणून राह्यले होते, हे वांझ हाय, दुसरी करून आण. तुमी काय म्हणले होते?"

घनश्यामनं चिखलाचे हात धोतराला पुसले.

"तुमी म्हणले, थांबून पाहू. म्हणून हे पोरं हायेत." तिनं चिखलात लोळणाऱ्या आपल्या पोरांकडे विळा रोखला. "त्या खोलीतल्या मायायले तं कोंडून ठेवलं होतं. आता त्यायले वांझ म्हणता? एक पावसाळा थांबा. तांदूळ मी माह्या भावाच्या घरून आणीन."

असं कुणी चारचौघांत बोलतं का. लालसूनं चोंगीत लक्ष घातलं. गोकुळानं पदर इतका खाली ओढला की तिला फक्त आपले पाय दिसत होते, आणि पदराआड ती रडत होती. या बाईशी आपण दिवाळीपासून मिठाच्या मडक्यावरून भांडत होतो, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

घनश्याम उठला, त्यानं रेडे आणले आणि केनीला जुंपले. त्यानं केनी वरच्या भागात उतरवली, मधल्या पाण्याला वळसा घालून कडेच्या सुकत आलेल्या गाळात रुतवली, आणि रेड्यांना हाकारा दिला. केनी गाळानं भरली. भरलेली केनी त्यानं ओढत वर आणली आणि बोडीच्या बाहेरच्या पाळीवर उपडी केली. मग परत खाली गेला.

तो बोडी बुजवत नव्हता. खोल करत होता.

"खोल पाह्यजे," तो रेड्यांना म्हणाला, कुणाकडेही न पाहता. "मासे ठेवाचे तं पाणी चैतात टिकलं पाह्यजे." आणि मग, तेही रेड्यांनाच, "धाकटीले सांगा, घागर आणा म्हणावं."

भासऱ्यानं पहिल्यांदाच तिला काही कळवलं होतं, तेही रेड्यांमार्फत. गोकुळा घागर घेऊन धावली. घागरीत मासे फिरत होते. इस्तारी तिच्या खांद्याला धरून गुडघाभर पाण्यात उतरला आणि म्हणाला, पहिला मासा मी सोडतो.

गोकुळानं एक रोहू त्याच्या हातांत दिला. मासा पाण्याला टेकला, वळवळला, आणि बुड्याचा अंगठा आपोआप त्याच्या कल्ल्यात जाऊन घट्ट बसला. जन्मभर हे हात मासा पाण्यातून काढायलाच शिकले होते. त्यानं दुसऱ्यांदा मासा पाण्यात धरला. अंगठा पुन्हा तिथंच. काठावरची पोरं पाहत होती, गिरजा विळा घेऊन पाहत होती, रेडेसुद्धा थांबले होते.

"काय होऊन राह्यलं वं," इस्तारी पुटपुटला, "हात आयकून नाई राह्यला."

गोकुळानं पाण्यात हात घातला आणि त्याचा अंगठा हळूच धरला.

"सोडा, मामाजी," ती म्हणाली. "बाळंतिणीले उशीर होऊन राह्यला."

म्हाताऱ्यानं बोटं उघडली.